वास

वास पहिल्यांदा आला तेव्हा धनराज पचारेला तो स्वतःच्याच सदऱ्याचा वाटला. दसरा होऊन गेला तरी हैदराबादेत हवा दमट होती, आणि आदल्या संध्याकाळी गॅलरीतले कपडे अर्धवट ओलेच घडी झाले होते. त्याने मान वाकवून, शेजारी बसलेल्या आचलच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, कॉलर हुंगली. कॉलरला साबणाचा वास होता. मग त्याने सरळ बसून समोरच्या तबकड्यांवरून नजर फिरवली. उंची ठीक, वेग ठीक, दोन्ही इंजिनांचं तेल ठीक. नागपूरकडे जाणारं साठ-बासष्ट माणसांचं, दोन पंख्यांचं विमान स्वच्छ सकाळी सतरा हजार फुटांवरून चाललं होतं. खाली आदिलाबाद मागे पडून जिवतीच्या डोंगरांच्या वळ्या सुरू झाल्या होत्या. सगळं ठीक होतं आणि वास होता. विमानात प्रत्येक गोष्टीला काटा असतो किंवा दिवा असतो. वासाला नसतो. म्हणजे वास आहे की नाही, हे ठरवायला नाकाशिवाय काही नाही, आणि नाक हे काही कुणाला पुरावा म्हणून दाखवण्यासारखं यंत्र नव्हे. धनराजला हे गमतीचं वाटलं, आणि ते गमतीचं वाटल्याचंही थोडं नवल वाटलं.

आचल गुंडावार ही त्याची सहवैमानिक. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, कापड दुकानदाराची मुलगी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आज विमान तीच चालवत होती. जाताना एकाने, येताना दुसऱ्याने अशी पद्धत. तिचा हात हलका होता आणि बोलणं कमी. धनराज हवाई दलात मालवाहू विमानं उडवून, वय होता होता या खासगी कंपनीत आलेला. दोघंही एकाच जिल्ह्यातली, हे कळूनही कॉकपिटमध्ये ती कधी मराठीत बोलत नसत. तिथे इंग्रजीच बोलायचं हा नियमही होता आणि सोयही होती. चिमूरजवळच्या तलावकाठच्या गावात, ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या, घरात जन्मलेला मुलगा सातारच्या सैनिक शाळेत गेला तेव्हा पहिली दोन वर्षं गप्पच होता, कारण तोंड उघडलं की 'मले' निघायचं आणि वर्ग हसायचा. मग त्याने इंग्रजी बोलायला सुरुवात केली, कारण तिच्यात 'मले' नव्हतं. त्या शांत, सपाट इंग्रजीत त्याने आता विचारायचं ठरवलं, की तुला काही वास येतो का. पण विचारलं नाही. कारण ती 'नाही' म्हणाली असती तर वास फक्त त्याच्याच डोक्यात उरला असता.

तेवढ्यात टिंग् असा आवाज होऊन पिवळा दिवा लागला. उजव्या इंजिनातून केबिनसाठी जी दाबाची हवा काढतात, तिची झडप बंद झाल्याचा दिवा. धनराजने हात पुढे केला. बोट बटणापर्यंत जायच्या आत दिवा आपोआप विझला, झडप उघडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिनिटभराने पुन्हा टिंग्, पुन्हा दिवा, पुन्हा आपोआप विझला. असं करायचं त्या झडपेला काही कारण नव्हतं. बंद पडली तर बंद राहावी, चालू असेल तर चालू राहावी. शिकलेल्या कुठल्याच धड्यात ती मनात येईल तसं वागत नव्हती. आणि आता वास दाट झाला होता. जळक्या तेलाचा नव्हे, वायरीचाही नव्हे. तलाव आटल्यावर तळाच्या काळ्या गाळात पाय घातला की जो वर येतो, तसा काहीसा. पण त्यात काहीतरी गोडसर. धनराजने तोंड उघडलं तर आचलच आधी बोलली. "ओल्या मोज्यांचा वास येऊन राह्यला ना, सर?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली. आणि हसली.

हसणं तिचंच होतं, पण थोडं उशिरा आलेलं आणि जरा जास्त वेळ राहिलेलं. "सर, खाली पाहा, चांदा दिसते. वीज केंद्राच्या चिमण्या. इथीच उतरून जाऊ का? छोटी पट्टी आहे ना आपल्याकडे. बाबा दुकानातून येतील घ्यायला." चांद्याची पट्टी होती, पण ती पुढाऱ्यांच्या लहान विमानांची. हे विमान तिच्यावर उतरलं असतं तर पट्टी संपून शेतात गेलं असतं, आणि हे आचलला पाठ होतं. गेल्याच आठवड्यात तिने ते कुणाला तरी समजावून सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. धनराजला तिच्या शब्दांपेक्षा शब्दांमधली जागा ऐकू येत होती. प्रत्येक शब्द जरासा ओढल्यासारखा, मजेत, घाई नसल्यासारखा. हा आवाज त्याने पूर्वी ऐकला होता. एका उन्हाळ्यात, गावच्या विहिरीतून.

विहीर उपसायला डिझेलचा पंप आतल्या कपारीवर ठेवला होता. पाणी निघालं, धूर आतच कोंडला, आणि पंप बंद करायला बाबुलालकाका दोरावरून खाली उतरला. काठावर धनराजचा बाप मुखरू दोर धरून बसलेला, आणि उन्हात दोन-चार माणसं. काका खालून बोलत होता, पंप लय तापला म्हणत होता, मग काहीतरी गंमत सांगायला लागला, खालीच हसला, म्हणाला, "मुखरू, इथी लय गार वाटून राह्यलं बे, जरा बसतो मी." काठावरचीही हसली. मुखरू हसला नाही. त्याने एकाएकी दोर ओढायला सुरुवात केली, तोंडाने एक शब्द न काढता, आणि बाकीच्यांवर खेकसून त्यांनाही ओढायला लावलं. काका शिव्या देत वर आला, "काऊन ओढून राह्यला, मी काय बैल हाओ का?" असं म्हणत काठावर पडला आणि भडभडा ओकला. चेहरा बीटासारखा लाल. नंतर कुणीतरी विचारलं तर मुखरू एवढंच म्हणाला, की त्याचं बोलणं बरोबर नव्हतं. काय बोलत होता ते नव्हे. बोलणं.

"आय हॅव कंट्रोल," धनराज म्हणाला आणि लिव्हरवर, दांड्यावर हात ठेवले. आचलने क्षणभर सोडलं नाही. "मी ठीक आहे सर." तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, तेव्हा तिने हात काढले आणि लहान मुलासारखा चेहरा केला. "मास्क," तो म्हणाला, "मास्क लाव, आचल. ऑक्सिजन. आताच." त्याने स्वतःचा मास्क आधी ओढला, कारण तसंच शिकवलेलं असतं, स्वतःचा आधी; आणि तरी तो ओढताना आपण काहीतरी हावरेपणा करतोय असं त्याला वाटलं. रबराचा थंड वास, मग कोरडी, बेचव हवा. शेजारी आचलचा मास्क नाकावर तिरपा बसला होता. त्याने एका हाताने तो सरळ केला. तिचा गाल गरम होता.

त्याची समजूत होती की मास्क लावताच डोकं साफ होईल. तसं झालं नाही. सतराचे दहा हजार फूट करायचे, म्हणजे सात हजार खाली उतरायचं, नागपूर अमुक अंतरावर, तर किती वेगाने, हा हिशोब तो झोपेतही करत आला होता. आता सतरा आणि दहा हे दोन आकडे शेजारी शेजारी उभे होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. त्याने हिशोब सोडला. विमानाचं नाक खाली केलं. रेडिओवर नागपूरला सांगितलं, की विमानात धूर किंवा वायू आहे, खाली येतोय, सरळ उतरायला मोकळी वाट द्या. कंट्रोलरने एक नंबर सांगितला. धनराजने तो चुकीचा परत म्हटला. पुन्हा सांगितला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा आचलने, मास्कमधून घोगऱ्या आवाजात, बरोबर म्हटला. तिचं बोलणं आता आखूड झालं होतं, शब्द जागच्या जागी पडत होते. धनराजला रडू येईल इतकं बरं वाटलं. "चेकलिस्ट वाच," तो म्हणाला, आणि तिने धूर-वायूचं पान काढून एकेक ओळ वाचली. उजव्या इंजिनाची हवा बंद. थांबा. वास पाहा. मास्कमध्ये वास कसा पाहणार, हे त्या पानावर लिहिलेलं नव्हतं.

त्याने मागे फोन लावला. जया, केबिनमधल्या दोघींपैकी मोठी, मागच्या दाराजवळ कॉफीच्या थर्मासपाशी होती. तिला कॉफीचाच वास येत होता. "प्रवासी कसे आहेत?" त्याने विचारलं. "एकदम शांत आहेत सर," जया म्हणाली. "आज फार छान आहेत. बरेचसे झोपलेत." सकाळच्या फ्लाइटला निम्मी माणसं झोपतातच. पण धनराजला दिसलं ते असं, की या दाराच्या मागे रांगांमध्ये माना कलंडलेल्या आहेत आणि जया त्यांच्यामधून ट्रे घेऊन हसत चालली आहे. "उठव त्यांना," तो म्हणाला. "सांग, लवकर उतरतोय, पट्टे बांधा. प्रत्येकाला हात लावून उठव." मग त्याने स्वतः माइकवर दोन वाक्यं सांगितली, मी कॅप्टन पचारे बोलतोय वगैरे; आवाज सपाट ठेवला.

दहा हजारांवर आल्यावर दाबाच्या हवेची गरज उरली नाही. त्याने दुसरीही बाजू बंद केली आणि बाहेरची साधी हवा आत घेतली. उजवीकडे दूर जमीन चकाकत होती. तलाव. या पट्ट्यात तलाव इतके, की वरून एखाद्याने आरसा फोडून टाकल्यासारखे. त्यातला एखादा त्याच्या बापाचा. बापाचा म्हणजे मच्छीमार सोसायटीचा, पण जाळं टाकायचा बाप. आई या वेळी धानाच्या बांधावर असेल, आणि विमानाचा आवाज आला तर वर बघणारही नाही, कारण पहिली काही वर्षं प्रत्येक विमानाला बघून तिची मान दुखायला लागली होती. त्याला वाटलं, पडलं तर इथेच पडावं. आणि लगेच वाटलं, काय हे, मागे साठ माणसं आहेत, त्यांनी का म्हणून माझ्या गावात पडायचं? हा विचार इतका स्पष्ट आला, की डोकं परत येतंय हे त्याला त्यावरून कळलं. सतरातून दहा गेले. सात.

नागपूरला तो अलगद उतरला. अग्निशमनच्या गाड्या दोन्ही बाजूंनी पळत आल्या, आणि धूर नाही म्हणून नुसत्याच उभ्या राहिल्या. प्रवासी आपापल्या बॅगा घेऊन गेले. इंजिनिअर आत चढला, नाक वर करून फिरला आणि म्हणाला, "सर, इथे काहीच वास नाहीये." खरंच नव्हता. दारं उघडून अर्धा तास झाला होता.

पुढचे पंधरा दिवस इंजिनं फिरवून पाहिली, झडप काढून टेबलावर तपासली, ती टेबलावर शंभर वेळा बरोबर उघडली आणि बंद झाली. दोष सापडला नाही. विमान पुन्हा उडायला लागलं. धनराज मात्र स्वयंपाकघरात चहा गाळायला उभा राहिला आणि ज्याने चहा गाळतात त्या वस्तूचं नाव त्याला येईना. ती समोर खिळ्याला लटकलेली होती. त्याने उर्वशीला, बायकोला, हाक मारून म्हटलं, "ते दे." "काय?" "ते." तिने गाळणी दिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. असं दिवसातून दोन-तीनदा व्हायला लागलं. शब्द जिभेपर्यंत यायचा आणि दारातून परत जायचा. न सांगता भागलं असतं. असं न सांगणारे त्याने हवाई दलात पाहिले होते आणि त्यांच्या शेजारी बसून विमानही उडवलं होतं. तो कंपनीच्या डॉक्टरकडे गेला आणि सांगितलं. डॉक्टरने डोक्याचं चित्र काढलं, चित्र स्वच्छ आलं. "स्ट्रेस," डॉक्टर म्हणाला, आणि पुढचा निर्णय होईपर्यंत त्याला जमिनीवर ठेवलं.

चौकशीची पहिली बैठक झाली तेव्हा चौकशी अधिकारी सौम्यपणे बोलला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, कॅप्टन, यंत्रात काही नाही. केबिन क्रूला वास आला नाही. साठ प्रवाशांपैकी एकाचीही तक्रार नाही. उरतात दोन नाकं. आचलने ओल्या मोज्यांचं सांगितलं तेव्हा खोलीत कुणीतरी हसलं, आणि तिने मान खाली घातली. बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "सर, तुमचं ते शब्दांचं... अजून आहे?" "आहे." तिने कपाळ दोन बोटांनी दाबलं. तिच्या शिक्षणासाठी बापाने दुकानाची मागची खोली विकली होती, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिला पुढे जाऊ दिलं.

तो गावी आला. सुगंधाबाईला, आईला, त्याने एवढंच सांगितलं की सुट्टी आहे. एवढी मोठी सुट्टी कुणी देत नाही हे तिला कळत होतं. धान कापणीला माणूस मिळत नव्हतं, तर ती त्याला बांधावर घेऊन गेली. तिथे शब्द कमी लागायचे. आठवडाभराने शेजारच्या गावचे गुणवंतराव भेंडारे बायकोला, रंभाबाईंना, घेऊन आले. घरचं धान, सोयाबीन, बरं चाललेलं, पोरगा हैदराबादेत कॉम्प्युटरवर. ओट्यावर बसून, पाणी पिऊन, ते ऐटीत म्हणाले, "पचारेसाहेब, तुमच्या विमानात बसलो आमी. पोरानं तिकीट काढलं होतं. तुमी माइकवर नाव सांगतलं तं मी हिले म्हटलं, हा आपल्याच इकडचा. मंग त्या लाल गाड्या आल्या पाण्याच्या. लय सरबराई करते बा तुमची कंपनी!"

धनराज ओट्यावर पुढे सरकून बसला. "तुम्ही त्या विमानात होता?" तो म्हणाला. मग सावकाश, शब्द निवडून, "भाऊ, वास आला होता का काही?"

गुणवंतराव गोंधळले. "वास? थे तं... मले वाटलं, विमानाचा वास असाच असते. पहिल्यांदाच बसलो ना. मोटारीले पेट्रोलचा असते, तसा याले याचा."

"मी म्हटलं ना तुमाले!" रंभाबाई एकदम बोलल्या. त्या तोवर सुगंधाबाईशी बोलत होत्या. "मोहाची दारू काढून सडवा फेकून देल्यावर येते तसा वास येऊन राह्यला म्हणून! तं हे म्हणे, चूप राय, लोकं हसतीन. बाजूचा सूटवाला बी नाकाले रुमाल लावून बसला होता, पर थो बी काही बोलेना. माझं डोस्कं असं गरगर, असं गरगर. थ्या कागदाच्या पिशवीत ओकलो मी, अन् पिशवी पदराखाली धरून बसलो, नागपूर येयेपर्यंत. लाज वाटे ना बाप्पा."

धनराजला आपण उभे राहिलो आहोत हे नंतर कळलं. साठ माणसं. सगळ्यांना आला असेल. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं असेल आणि शेजारी गप्प आहे म्हणून गप्प राहिलं असेल. आणि त्यानेही तेच केलं होतं, कॉलर हुंगून, आचल 'नाही' म्हणेल म्हणून. "बाई," तो म्हणाला, "हे नागपूरला येऊन सांगाल का?"

"आता कायले?" गुणवंतराव म्हणाले. "पोचलो ना आपण सुखरूप. अन् पोराच्या नोकरीले काही झालं तं?"

"पोराच्या नोकरीचा अन् विमानाचा काय संबंध?" रंभाबाई म्हणाल्या. "थे विमान अजून उडते का?"

"उडते."

"मंग सांगतो मी. कुठी सांगाचं?"

नागपूरच्या कार्यालयात, थंडगार खोलीत, त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. शेजारी गुणवंतराव टोपी मांडीवर घेऊन. अधिकाऱ्याने हिंदीत, आदराने विचारलं, की माताजी, पहिल्यांदा विमानात बसलं की पुष्कळांना मळमळतं, तसं असेल. कारण वास तर नव्हता. रंभाबाईंनी ऐकून घेतलं. "वास नव्हता," त्या म्हणाल्या, "तं मी नाकात पदर कोंबून बसलो कायले? अन् मळमळ तं गाडीत बी होते, पर गाडीत माह्यी जीभ अशी जड नाई होत. उतरल्यावर मले माझ्या पोरीचं नाव आठवेना. अंजू नाई, मंजू नाई... वंदना. वंदना नाव हाये तिचं. विमानतळावर उभी राहून मी आठवून राह्यलो होतो. आमच्या ह्यायले बी नाई सांगतलं मी हे." गुणवंतराव बायकोकडे बघत होते.

टेबलाच्या त्या टोकाला आचल उठली. "सर," ती म्हणाली, "माझं डोकं त्या दिवसापासून दुखतंय. रोज. घराचा नंबरही मी दोनदा विसरले. मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आज सांगते." शब्द सरळ होते. यावेळी कुणी हसलं नाही.

विमान दुसऱ्या दिवशी बाजूला काढलं. त्याची दोन्ही इंजिनं उतरवून बाहेरगावी पाठवली. तिथेही नक्की काय झालं होतं ते कुणाला सांगता आलं नाही. इतर प्रवाशांना फोन गेले, आणि विचारल्यावर पुष्कळांना आठवलं. धनराजचे शब्द हळूहळू परत आले आणि तो उन्हाळ्यात पुन्हा उडायला लागला. आचलला अधिक वेळ लागला. जवळजवळ वर्षभर ती चांद्याला दुकानात बसली, आणि तिने उडणं सोडलं असंच सगळ्यांनी धरलं, तोवर ती परत आली.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी बैठक झाल्यावर तो दोघांना सोडायला बस स्टँडवर गेला. चिमूरची लाल गाडी लागलेली होती. गुणवंतराव जागा धरायला पुढे पळाले. रंभाबाई पिशवी सावरत थांबल्या. "साहेब, आता थे विमान बरं झालं का?"

"माहीत नाही बाई. काय झालं होतं तेच कळलं नाही."

"मंग तुमी बसान का त्याच्यात?"

त्याने खोटं सांगायचं नाही असं ठरवलं. "बसीन," तो म्हणाला. "तेच काम आहे माझं."

"बसा बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमी तं बसनंच जाऊ." आणि त्या गाडीत चढल्या. गुणवंतरावांनी धरलेल्या जागेवर टेकण्याआधी त्यांनी खिडकीची काच दोन्ही हातांनी जोर लावून, शेवटपर्यंत सरकवली.